तीन घरं

रंगराव मेस्त्री खिळे जुळवायचे, लक्ष्मीपुरीत,
सायंदैनिकाच्या पोटमाळ्याखाली, जिथं दिवसाही बल्ब.
खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं.
तीस वर्षं ते वाचणारा माणूस
जगाकडं उलटीकडनं बघायला शिकतो,
आणि एक दिवस त्याच्या लक्षात येतं
की गुऱ्हाळातला रस उलटला
की गळ्यातला सर होतो.
तिथनं शब्दकोडं सुरू झालं.

मी प्रुफं तपासायला लागले तेव्हा
त्यांनी रिकामी चौकट पुढं सरकवली, नऊ बाय नऊ.
काळी घरं आधी भर, म्हणाले,
गप्प कुठं बसायचं ते आधी ठरलं पाहिजे.

मग सूत्रं.
'हात शूर निघाला, गाव आपलं' : चार.
'गरिबाला आळा घातला, कडेनं भेळेच्या गाड्या' : तीन.
'नवी चप्पल. टाचेकडनं वाचा, नाहीतर अंगठ्याकडनं' : तीन.
मी हसले. ते हसले नाहीत.
'आत खोटा शब्द नको.
चकवायचं, फसवायचं नाही.
उत्तर बघून माणसानं शिवी द्यावी,
पण माया असलेली.'

पहिल्याच महिन्यात मी चुकले.
उभे चार: 'मंद जनावर' (२).
शब्दकोशातनं उचललेलं, शिळं.
सकाळी गंगावेशीतनं फोन. दूधकट्ट्यावरचे बाळकू चौगले.
'ताई, मंद कुणाला म्हणता?
माझी सोनी चौकातनं एकटी घरी येती,
सिग्नलला थांबती.
तुमचा पेपरवाला थांबत न्हाई.'
मागनं पेल्यात धार पडल्याचा आवाज.
जा, रंगराव म्हणाले, माफी माग आणि दूध पिऊन ये.
गेले. फेसाची मिशी पुसत उभ्या उभ्या
वहीत लिहिलं:
'दारात येते, भाव करत नाही, फेस ठेवून जाते' (२).
बाळकूंनी वाचलं.
'आता बरोबर. भाव मी करतो.'

तेव्हापासनं वीस वर्षं
मी शब्दांना आडूनच हाका मारते.
'सर' तीनदा वापरला:
शाळेतला, साजातला, आणि गड घेताना केलेला.
घरी सरळ बोलणं सुटलं.
जेवताना म्हणाले, समुद्राचं, पण चिमूटभर दे.
नवऱ्यानं निमूट बरणी सरकवली.

गेल्या मंगळवारी सीपीआरच्या वॉर्डात रंगराव.
झटक्यानं उजवा हात नेला, आणि नामं नेली.
क्रियापदं राहिली, विशेषणं राहिली,
खिळ्यांच्या केसमधले नेमके तेवढेच खण रिकामे.
पाणी हवं तर म्हणतात, 'ओतायचं… गार… पातळ…'
नर्स वैतागते.
मी मोजते, दोन घरं,
आणि तांब्या पुढं करते.

मला बघून डोळ्यांनी ओळख दिली.
तोंड उघडलं. नाव आलं नाही.
डाव्या हातानं हवेत चौकट काढली,
मग थांबत थांबत:
'तरंगतं… पांढरं… अंधारलं की… उमलतं…'
आणि तीन बोटं.

एकही शब्द खोटा नव्हता.
मी त्यातलं टिंबही हलवलं नसतं.
सून म्हणाली, असंच कायतरी बरळत असतात ओ.

मी उत्तर सांगितलं नाही.
उत्तर त्याच दिवशी द्यायचं नसतं, नियम त्यांचाच.
उशाशी पेन्सिल ठेवली, डाव्या हाताला लागेल अशी,
आणि बाहेर दसरा चौकात येऊन
रिक्षावाले कुठं, कुठं विचारत असताना
बराच वेळ उभी राहिले,
स्वतःच्या तीन घरांत
एकेक अक्षर बसवून बघत.