सहा आकडे

रुवीत, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत
आम्ही विद्यार्थी मंडळ नवं करायला बसलो.
एसीचं पाणी बादलीत.
शाल्मलीनं जुनं बोधचिन्ह पडद्यावर मोठं केलं:
गलबत, शिडावर मशाल, कोपऱ्यात पक्षी.
अजून मोठं केल्यावर कळलं,
पक्षी नाही, शाईचा डाग आहे.

नव्या फॉन्टात ‘विद्यार्थी’ लिहिलं
तर द लंगडला, य दूर जाऊन उभा राहिला,
रफार भलत्याच डोक्यावर.
तासभर जोडाक्षर जुळवत होतो आम्ही,
ज्यांनी मराठीचा पेपर कधी दिलाच नाही.

मग मंडळाचं खातंच उघडेना.
परवलीचा शब्द हेरंबदादाचा,
हेरंबदादा कॅनडात,
आणि कोड जाणार त्याच्या इथल्या नंबरवर,
जो त्यानं व्हिसासोबत सोडून दिला.

लावून पाहिला.
उचलला कुणा रफिकुलनं,
बरक्याजवळ खजुराच्या बागेत पाणी सोडत होता.
“हां, आता है मेसेज. दो साल से.
हम सोचा बैंक का है.”
सावकाश वाचले त्यानं सहाही आकडे,
मागे पाटाचा आवाज,
सहाला ‘छॉय’ म्हणाला, आम्ही दोनदा विचारलं.

उघडलं.
आत बारा वर्षांचे फोटो,
निम्मे विमानतळावरचे.

रात्री त्याचाच फोन:
“काम हुआ? फिर आएगा तो बोलूँ?”
“बोला ना,” निमिष मराठीतच म्हणाला
आणि नंबर जपून ठेवला, ‘मंडळ, किल्ली’ या नावानं.

बोधचिन्हाचं अजून ठरत नाहीये.
मशाल गेली. शीड वाकडं की सरळ, यावर वाद चालू.
डाग तेवढा कुणी पुसलेला नाही.