फी : बाकी

शिंदखेड्याच्या कोर्टात एप्रिलमध्ये
पंखा फिरतो तो फक्त
कागदांवर ठेवलेले दगड तपासायला.
बुराईच्या कोरड्या पात्रातले दगड.
माझ्या टेबलावरचा सतरा वर्षांचा आहे,
म्हणजे माझ्या सनदेच्या वयाचा.

त्याच्याशेजारी कौतिकबाईंनी पिशवी ओतली.
सातबारा, फेरफाराच्या नकला, दवाखान्याची चिठ्ठी,
विहिरीवरच्या मोटारीचं बिल,
एकूण चौदा कागद, हळदीचे डाग पडलेले.
मी पेन उघडलं. सामनेवाला कोण?
‘मना दीर. हिलाल.’

पेनचं टोपण मी परत लावलं.

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी
दोंडाईच्याच्या मिरचीचा ठसका कपड्यांत घेऊन
हिलाल आप्पा ह्याच खुर्चीत बसले होते.
अर्धा तास. एक चहा.
वकीलपत्र दिलं नाही, पुढे धुळ्याचा मोठा वकील केला.
पण त्या अर्ध्या तासात, दार लोटून घेऊन,
कपडा बाजूला सारून गळू दाखवावं
तशी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली.

ती मी इथेही लिहिणार नाही.
नावं बदलली आहेत.
गावही बदलायला हवं होतं,
पण हे दगड दुसरीकडे मिळत नाहीत.

सनद घेतली तेव्हा नियमांचं पुस्तक
पातळ वाटलं होतं, एका रात्रीत वाचून झालं.
अशिलाचं गुपित ते अशिलाचंच,
त्यानं पैसे दिले नाहीत तरी, परत आला नाही तरी.
दीड ओळ. खाली रेघही मारली नव्हती मी.

चौदांपैकी एका कागदावर
मी दगड नुसता सरकवला असता.
तोंडातून ब्र नाही.
पुढच्या वकिलाची नजर तिथेच गेली असती.
हात गेला.
दगड गार होता, एवढ्या उन्हातही.
मग तो मी उचलला आणि
कागदांपासून लांब, कोऱ्या लाकडावर ठेवला.

‘बाई, हा दावा मला घेता येणार नाही.’
‘का बरं?’
‘तेही सांगता येणार नाही.’
भामरे वकिलांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.
आले होते त्याच क्रमानं कागद पिशवीत भरले,
मोटारीचं बिल सगळ्यात वर.
दारात ती थांबली.
‘देरनं नाव आयकं आनि तुमनं तोंड उतरनं.
मी आनपढ शे, आंधयी नही.
तुम्ही बी इकाई गयात का?’

ह्या प्रश्नावर हरकत घेता येत नाही.

दुपारपर्यंत टपरीवर माझा भाव ठरला होता.
कुणी पन्नास हजार म्हणालं, कुणी नदीकाठचं एक एकर.
बाररूममध्ये डबा उघडला
तेव्हा दोघं जण उगाचच घड्याळ बघत उठले.
मी शेंगदाण्याची चटणी पुसून पुसून खाल्ली.

खरं जड गेलं ते आठव्या दिवशी.
हिलाल आप्पा आले, सहा पपया घेऊन.
‘जबान राखी तुम्हीन,’ म्हणाले,
जसे आम्ही दोघं एका बाजूचे.
वर दोन नोटा ठेवल्या, तेव्हाची फी म्हणून.
मी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारे झालेत.
त्यांच्या नखात मातीच होती,
कुणाच्याही नखात असते तशी.
पपया उचला म्हटलं. नोटाही.
का, ते त्यांनाही सांगितलं नाही.

जुनी डायरी काढून बघितली रात्री.
तारीख. नाव. सल्ला, अर्धा तास.
फीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात: बाकी.
खोडरबर हाताशी होतं. तसंच ठेवलं ते.

कौतिकबाईंच्या दाव्याची पुढची तारीख अठरा जून.
भामरे कागद सावकाश वाचतात, असं ऐकून आहे.
त्यांच्या कोर्टासमोरून जाताना
मी पाय उचलते जरा,
कान मात्र तिथेच रेंगाळतात.