मान तिरपी करून

पापोसोच्या खाडीत येर्कोचा मामा
मासे बघायचा मान तिरपी करून.
पाण्यावरची चकाकी पुसणारा चष्मा
कुठल्याशा जहाजावरच्या नॉर्वेकराकडून
दोन काँग्रिओ देऊन घेतलेला.
म्हणायचा, पाणी खोटं बोलत नाही रे,
नुसतं आडवं बोलतं.
तू जरा उभं ऐक.

आता येर्को वर, डोंगरावर, दुर्बीण चालवतो.
खाली कामान्चाका,
किनाऱ्यावर पसरलेलं समुद्राचं धुकं.
लिएजहून आलेली मिरेय आकडे सांगते,
तो तबकडी फिरवतो:
शून्य. साडेबावीस.
पंचेचाळीस. साडेसदुसष्ट.
दर वेळी दहा मिनिटं उघडी झाकणी,
तेवढ्यात गार होणारी कॉफी.

पडद्यावर एकाच क्वेसारचे दोन ठिपके.
जुळेच, पण एक किंचित मंद.
त्या किंचितसाठी हा सगळा डोंगर.

हा उजेड थेट आलेला नाही, मिरेय सांगते,
वाटेत कशावर तरी आपटून वळलाय.
खोलीतला दिवा दिसू नये
आणि समोरच्या चुन्यावर तो आहे एवढं कळावं,
तसं.

मग ती कागदावर एक रेघ ओढते.
येर्को विचारतो, बाण?
बाण नसतो. अर्धी गिरकी दिली तरी रेघ तीच.
कुठून निघाला, कुठे चालला, ते नाही,
फक्त थरथरत कसा होता.

ध्रुवीकरण म्हणायचं याला,
आणि ध्रुव तर इथल्या आकाशात
उगवतसुद्धा नाही.

पहाटे तीनपर्यंत एकोणीस रेघा.
एकमेकींपासून इतक्या लांब
की एकीची बातमी दुसरीला अजून पोचायची आहे.
तरी त्यातल्या बारा
एकाच अंगाला कललेल्या,
ओहोटीनंतर खडकावर पडलेल्या
हुइरोच्या लांब पात्यांसारख्या.

येर्को काहीतरी बोलणार,
तेवढ्यात मिरेय: योगायोग असेल.
नाहीतर आपल्याच घरची धूळ.
अजून दहा रात्री हव्यात.
मिळाल्यात तीन.

घुमट बंद करून तो बाहेर येतो.
खिशातून मामाचा चष्मा काढतो,
एक काडी तारेनं बांधलेली,
काचांवर मिठाचे ओरखडे.
मान तिरपी करतो:
डोक्यावरचा निळा पट्टा काळवंडतो.
सरळ करतो: परत येतो.
पुन्हा.

खाली धुक्याच्या पोटात
कुणीतरी होडीची मोटर ओढत असेल.
इतक्या वर ऐकू येत नाही,
पण वेळ तीच.