बेडूक उचलणारा

पाऊस उघडला की रात्री साडेदहाला मी निघतो.
लोखंडी चिमटा, निळी बादली, कपाळावर दिवा.
ओहारा बंदराहून उत्तरेला जाणारा हा एकच रस्ता,
डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे खारफुटी,
आणि मधल्या डांबरावर
दिवसाची उरलेली ऊब शेकत बसलेले बेडूक.

जिवंत असेल त्याला बुटाच्या टोकानं डिवचतो :
ऊठ बाबा, घरी जा.
चिरडलेला असेल तो बादलीत.
खेकडे असतात. कधी साप,
कुणाचा तरी पट्टा पडून राहावा तसा चिकटलेला,
तो खरवडावा लागतो.
मग सगळं झाडीत नेऊन ओततो, चांगलं वीस पावलं आत.
रस्त्यावर पंगत मांडलेली राहू नये म्हणून.
वास आला की ती डोंगरावरून उतरते,
आणि गाड्यांना वास येत नाही.

ती, म्हणजे इरिओमोतेची रानमांजर.
या एका बेटाखेरीज पृथ्वीच्या पाठीवर कुठे नाही.
गोल कान, कानांच्या मागे एकेक पांढरा ठिपका;
पाठमोरी झाली तरी बघते आहे असं वाटावं.

बेटावर मला कुणी हसत नाही, हेही सांगायला हवं.
मियाराबाईंनी दुकानामागे माशांची डोकी टाकणं
कधीच बंद केलं.
शाळेच्या बसवरचा तोनोशिरो
पुलाच्या अलीकडे चाळीसवरून वीसवर येतो,
बस रिकामी असली तरी.
भाड्याच्या गाडीतले पाहुणे तेवढे
सूर्यास्त गाठायला पळतात.
त्यांना मी काय बोलणार?
मीही एकदा बोट गाठायला पळत होतो.

मागे अननसाच्या एकशे चाळीस पेट्या.
जूनमधली पहाट, रस्ता ओला.
आवाज म्हणावा असा आवाजही नाही झाला,
चाकाखाली भिजका टॉवेल यावा, इतकाच.
उतरलो. पांढरे ठिपके दिसले, दोन.
तिला केवड्याच्या बनाशी ठेवलं
आणि बोट गाठली.
फोन केला नाही.

वनखात्याच्या शिमोजी नावाच्या पोरीला ती सापडली.
तिनं गावच्या सभेत सांगितलं :
पोटात सात बेडूक निघाले.
मी तिसऱ्या रांगेत होतो.
सगळ्यांबरोबर मान हलवली.

मांजर आडवं गेलं की काम बिघडतं म्हणतात.
ती मला आडवी गेली नव्हती.
ती तिच्या वाटेनं चालली होती,
डांबराच्या आधीची वाट, तिच्या पणजीच्या पणजीची.
आडवा मी गेलो होतो.

घरी मामे आहे. मामे म्हणजे घेवड्याचा दाणा,
तेवढीच होती आणली तेव्हा.
कचेरीत तिची नोंद आहे, मानेत चिप,
टोचून झालंय, ऑपरेशनही झालंय.
खिडकीच्या जाळीमागे बसून
ती पतंगांना शिव्या घालते.
मी परतलो की गमबुटांचा पंचनामा करते,
एकेका बेडकाची चौकशी,
मग दाराशी जाऊन माझ्याकडे बघते.
नाही, मामे. तुझी एक शिंक
त्या डोंगराला पुरून उरेल म्हणतात.
ती फणकारून पाठ फिरवते.
तिच्या कानांमागे ठिपके नाहीत.
मी दर वेळी पाहतो तरी.

काल नात बरोबर आली. चिहारु, आठ वर्षांची,
माझ्या मोठ्या रेनकोटात अर्धी हरवलेली.
आजोबा, तुम्ही पाहिलीय तिला?
एकदा.
कशी होती?

बादली या हातातून त्या हातात घेतली.
ओली, मी म्हणालो.

तिनं चिमटा मागितला
आणि पहिलाच बेडूक धरला तो जिवंत.
हळू, म्हटलं, हळू गं.
तो नुसता बसलाय.