वकट, लेंड, मूंड

गावाचं नाव बूट.
आईला फोनवर तीनदा सांगितलं,
तरी म्हणाली, नवे घेतलेस की जुनेच शिवलेस?

बूटमध्ये मी उन्हाळाभर भांडी घासली.
हॉस्टेलच्या मोरीत करपल्या लापशीची पातेली,
डोंगर चढणाऱ्यांचे तीस मग, काठाला चॉकलेट वाळलेलं.
दोन वाजले की एप्रन खुंटीला
आणि मी नि याद्रांका घाटानं वर,
हार्डनॉटच्या किल्ल्याकडे.

किल्ला आपला म्हणायचा म्हणून.
पहिल्या दिवशी मी विचारत सुटले,
बुरूज कुठाय, चोरदरवाजा कुठाय, टाकं कुठाय?
सदाशिवगडावर सहलीला गेलेली कराडची पोर मी,
मला गडावर एक तरी देव लागतो
आणि देवापाशी लिंबूसरबत.
इथं खांद्याइतक्या भिंती. आत गवत.
गवतात मेंढ्या, पाठीवर निळा ठिपका.
धान्यकोठाराच्या जागी
कोठाराएवढं ऊन.

भिंतीतून पाटीच्या दगडाची बारीक रेघ जाते.
तिच्याखालचं रोमन लोकांचं,
वरचं मागाहून कुणी रचलेलं.
मी बोट फिरवत गेले चारी बाजूंनी.
कुणी इतकं सरळ कबूल करतं
याचंच मला नवल.

याद्रांका स्प्लिटची.
गोल न्हाणीघरात पाय पसरून चीजचा पाव खायची.
दालमेशियाची पलटण होती इथं, म्हणायची,
माझ्याकडची पोरं, समुद्रात पोहणारी,
या वाऱ्यात आणून बसवली.
मग काय करतील? पाणी तापवलं.
आणि तोंड पुसून त्या दगडांना दम द्यायची,
घरी पत्र टाका रे.

जुलैअखेर हार्टर फेल चढलो.
माथ्यावर पोचलो नि धुकं आलं,
असं, की माझेच गुडघे मला दिसेनात.
होकायंत्र याद्रांकाच्या दुसऱ्या पँटमध्ये.
कातळाला टेकून बसलो, दोघींत एक सफरचंद,
आधी कोण रडतं यावर न बोलता लागलेली पैज.
मग शिट्टी. मग मॉस नावाचं कुत्रं.
मग काठी, मग ईनिड टायसन, सत्तरीची,
टोपीतून पाणी गळतंय.
ती आम्हाला शोधत नव्हती. मेंढ्या शोधत होती.
त्यांच्यात आम्हीही सापडलो.

उतरताना ती मोजत होती:
यान, तान, तेदेरा, मेदेरा, पिंप.
पिंपाला मी फिस्सकन हसले.
म्हटलं, आमच्याकडे पिंपात पाणी भरतात
आणि मोजतात वकट, लेंड, मूंड, नाल.
मेंढ्या?
नाही हो. विटीदांडू.
कुठली भाषा ही?
कानडी की तेलुगू, यावरून आमच्या शाळेतल्या
दोन मास्तरांचं बोलणं बंद होतं. तुमची कुठली?
आधीच्यांची, म्हणाली.
कोण आधीचे, ते सांगितलं नाही.
मॉसला एक शिवी हासडली नि पुढं निघाली.

रविवारी तिची मोडकी काठी झाली दांडू.
विटी तिनंच तासली, खिशातल्या चाकूनं.
खणायला मनाई, म्हणून गलीऐवजी दोन दगड,
तटाबाहेरच्या सपाटीवर.
मी दाखवलं. याद्रांकानं स्वतःच्या नडगीवर मारून घेतलं.
ईनिडनं पहिल्याच टोल्याला
विटी तटापलीकडे घातली
आणि मोजायला सुरुवात केली, तिच्या आकड्यांनी.
मॉस धावला. रिकाम्या तोंडानं आला,
आमच्याकडे न बघता बसला.

शोधली. नेचा बाजूला सारत, कोठारात, न्हाणीत.
रात्रीचे दहा, तरी उजेड हटेना.

सप्टेंबरात मी लीड्सला परतले, कॉलेज, पुस्तकं.
विटी तिथंच.
कुठल्या तरी फटीत गेली असणार,
रेघेच्या वर की खाली
तेवढं बघायचं राहिलं.