सातऱ्यावरची सभा

ग्रामसभा अकराला.
अकराला आम्ही भिवापूर रोडच्या सातऱ्यावर,
मिरचीचे देठ खुडत.
"मंग सभाच इकडे आना,"
पंचफुला म्हणाली, मान वर न करता.

आले.
सतरंजी नव्हती,
सचिव पोत्यावर टेकले.
बारावीतल्या प्रांजलीनं मोबाइलवर
गावाचा खर्च वाचला :
बोअरवेल दुरुस्ती, शाळेमागची, दोनदा.

हात थांबले.
"शाळेमागं तं बोअरवेलच नाई वो."

सचिवांचे डोळे वाहू लागले,
ठसका, रुमाल, पाणी.
आम्हाला सवय आहे तिखटाची.

प्रांजलीनं बोटानं पान सरकवलं.
"पुढचं वाचू?"
"वाच," सुगंधाबाई म्हणाली,
आणि देठांचा ढीग
पायानं जरा बाजूला केला,
पोरीला नीट मांडी घालता यावी म्हणून.