कल्हई

डिसेंबरात सकाळी सातला
तांबट आळीतल्या नळाचं पाणी तोंडात घेतलं
की उजवीकडच्या खालच्या दोन दातांतून
एक सळ निघायची, थेट कानामागे.
डोळे मिटून उभा राहायचो, चूळ तोंडातच,
टाकवत नाही, गिळवत नाही.

दोन हिवाळे असेच काढले.
मस्तानी समोर आली तर म्हणायचो, शुगर आहे मला.
(शुगर नाही. लाज होती.)
लवंग दाबली, तुरटी झाली, मिठाच्या गुळण्या,
कुणीतरी सांगितलं म्हणून पेरूचा पाला.
डॉक्टरकडे चला म्हणून रत्नप्रभाने दाताच्या कण्या केल्या,
तेव्हा कुठे माझे दात दाखवायला निघालो.

रास्ता पेठ, दुसरा मजला, डॉक्टर तांबोळी.
आडनाव तांबोळी, आणि भिंतीवर पहिलीच पाटी:
पान-सुपारी बंद.
बारीक दांडीने त्यांनी एकेक दात ठोकून पाहिला.
मी विचारलं, बद्द वाजतोय का कुठला?
हसल्या. तडा नाही म्हणाल्या.
मग नळीतून नुसती फुंकर मारली
आणि मी खुर्चीचे हात आवळले.

"घासता कशाने?"
कडक ब्रशने. आडवं. जोर लावून.
चाळीस वर्षं घागरी घासल्यात चिंच-मीठ लावून,
काळपट जाऊन तांबं गुलाबी होईस्तोवर.
हात तोच.
तोंडात गेल्यावर तो हलका कसा व्हायचा?
"आणि चिंच खाता?"
काम करताना एक बुटुक जिभेखाली असतंच.

त्यांनी कागदावर दात काढला.
हिरडी मागे सरलीय, मुळाशी कवच राहिलं नाही,
आत नळ्या, केसाहून बारीक,
गार, गोड, आंबट काही लागलं
की निरोप थेट आतल्या नसेला.
मी म्हणालो, म्हणजे कल्हई उडाली.
उडालेल्या भांड्यात ताक कळकतं,
तसा मी कळकलोय.
त्या पेन धरून क्षणभर गप्प बसल्या.
"हो. फक्त ही पुन्हा चढवता येत नाही.
आहे ती राखायची."

मऊ ब्रश, दोन बोटांत, पेन धरल्यासारखा.
आंबट खाल्लं की अर्धा तास दातांना हात नाही.
पेस्ट थुंकायची, पण चूळ भरायची नाही,
बसू द्यायची तिला.
हे लगेच पटलं. कथलालाही घाई चालत नाही.

"रात्री दात खाता का?"
छे.
बाकावरून रत्नप्रभा म्हणाली, मला उंदीर वाटतो.
"राग येतो का कुणाचा?"
छे.

दुपारी हंड्यावर मठार काढायला बसलो,
तेव्हा पहिल्यांदा लक्ष दिलं.
हातोडी तांब्यावर, आणि त्याच क्षणी
खालचा जबडा वरच्यावर.
ठोक्यागणिक.
भिंतीपलीकडूनही ठोके येतात, थोरल्या भावाचे.
भिंत वाटणीनंतरची, सात वर्षांची.
आम्ही बोलत नाही. ठोकतो.

आता जीभ टाळूला लावून ठोकतो,
दात सुटे ठेवून. बावळट दिसत असणार.
पाच आठवडे झाले. एक दात गप्प झालाय,
दुसरा मधूनच आठवण देतो.
काल फुलपात्रभर गार पाणी प्यायलो,
गेल्या दिवाळीला स्वतःच घडवलेल्या,
अर्धं उजवीकडून.

पलीकडचे ठोके थांबले होते.
चहा असेल. किंवा त्याचाही दात.
बुटुक जिभेखाली धरायला
त्यानेच शिकवलं होतं.